मातेच्या पुढे कुणी जायचं नाही

(पंधरा ऑगस्टची दुपार. सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव, आज मारियामातेच्या मूर्तीची समुद्रातली मिरवणूक. अगाताच्या स्वयंपाकघरात दोन फोन: एक घरचा, दुसरा बुडत्या बोटींच्या मदतवाहिनीचा. मदतवाहिनीवरून ती तटरक्षकांच्या चौकीशी बोलतेय.)

अधिकारी : ...पण मॅडम, बोट चालू आहे की बंद?

अगाता : बंद. इंजिन मेलंय. किती वेळा सांगू?

अधिकारी : बंद म्हणजे ती कुठे जात नाहीये.

अगाता : नाही जात.

अधिकारी : मग धोका कसला? सकाळी तुम्ही फोन केलात तेव्हा चालू होती. तेव्हाच मी म्हटलं, चालतेय ना, मग धोका नाही.

अगाता : आणि आता बंद आहे, म्हणून धोका नाही. वा! मग धोक्यात यायला त्यांनी करायचं तरी काय? उडून दाखवायचं?

अधिकारी : हे बघा, तुम्ही पडलात स्वयंसेवक. भावनेच्या भरात असता. आम्हाला नियम असतात.

अगाता : मी जन्मभर या गावातल्या बायकांचे केस कापलेत. तुमच्या आईचेसुद्धा. भावनेच्या भरात कात्री चालवली असती तर गावात एक कान शिल्लक राहिला नसता. समुद्रापलीकडून आलेली एकतीस माणसं आहेत रबरी बोटीत. पाणी घोट्याच्या वर आलंय. हाबतोम नावाचा माणूस सकाळपासून माझ्याशी बोलतोय, त्याचा फोन आता कधीही बंद पडेल. आणि तुम्ही चावताय काय मघापासून?

अधिकारी : ...कलिंगड.

अगाता : बिया थुंका आधी. मग बोला.

अधिकारी : बोट आपल्या हद्दीत आहे याला पुरावा काय?

अगाता : अहो, चर्चच्या पायऱ्यांवरून दिसतेय! त्या माणसानं अंगातला शर्ट डब्यात पेटवून धूर केला, तर धक्क्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मिरवणुकीची आतषबाजी. ‘अजून एक, अजून एक’ म्हणून ओरडत होते.

अधिकारी : हां हां, तो धूर! छान होता. मला वाटलं नगरपालिकेचा.

अगाता : नगरपालिकेला धूरसुद्धा नीट काढता येत नाही. तुमच्या गस्तीच्या बोटी कुठायत?

अधिकारी : दोन्ही मिरवणुकीत. एकीवर बिशप, एकीवर बँड.

अगाता : म्हणजे बुडत्याला वाचवायची बोट ढोल घेऊन फिरतेय.

अधिकारी : वर्षातून एकदा असतं हो. आणि आता मध्येच परत कसं बोलावू? मातेची बोट सगळ्यांच्या पुढे. माता परत फिरत नाही तोवर कुणी रांग मोडायची नाही. गेल्या वर्षी बिशपना ओकाऱ्या झाल्या, तरी नाही मोडली. मातेच्या पुढे कुणी जायचं नाही.

अगाता : कुणीच नाही?

अधिकारी : कुणीच नाही.

अगाता : माता जाईल तिकडे सगळे.

अधिकारी : अर्थात!

अगाता : बरं. खा तुम्ही कलिंगड. (ती घरच्या फोनवरून दिराला, जेर्लांदोला, फोन लावते.)

जेर्लांदो : काय वहिनी, आत्ता फोन? मातेला घेऊन समुद्रात आहे मी! बँड ऐकू येत नाही का?

अगाता : येतो. क्लॅरिनेटवाल्याला कुणीतरी चिमटे काढतंय बहुतेक. भावजी, उजव्या हाताला बघा जरा. लांब. करडी रबरी बोट.

जेर्लांदो : ...दिसली मघाशीच.

अगाता : दिसली? मग?

जेर्लांदो : मग काय. मान वळवली.

अगाता : शाब्बास.

जेर्लांदो : तुम्हाला बोलायला काय जातंय? तीन वर्षांमागं अशाच बोटीतल्या नऊ जणांना ओढून वर घेतलं मी. बक्षीस काय मिळालं? बोट जप्त! वर्षभर धक्क्याला बांधून सडवली. इंजिनात शिंपल्यांनी संसार थाटला. परक्यांना चोरून आणलं म्हणून केस अजून चालूच आहे. परत बोट गेली तर मी काय तुमच्या दुकानात बायकांचे केस झाडू?

अगाता : झाडता तरी येतील का? तुमच्या भावाची बोट उलटली ना, तेव्हाही कुणीतरी अशीच मान वळवली असेल.

जेर्लांदो : वहिनी, त्याला मध्ये आणू नका.

अगाता : मी कशाला आणू? तुमच्याच बोटीवर पुष्पचक्र ठेवलंय ना त्याच्या नावाचं?

जेर्लांदो : त्याच्या एकट्याच्या नाही. सगळ्यांच्याच. पट्टीवर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, ‘समुद्रानं नेलेल्यांना’. नगराध्यक्ष टाकणार आहेत पाण्यात, भाषण करून. गेल्या वर्षी फोटो निघायच्या आत बुडालं ते. म्हणून यंदा माझी बुडत्याला टाकायची तरंगती रिंग काढून घेतली आणि तिच्यावरच फुलं बांधली. तीन हार गेले.

अगाता : म्हणजे मेलेल्यांसाठी तरंगती रिंग. जिवंत माणसांना समुद्राचं पाणी पाजतील. बोटीवर कोण कोण आहे आत्ता?

जेर्लांदो : माता, नगराध्यक्ष, त्यांचा फोटोवाला, आणि मी.

अगाता : मग भावजी, बोट जप्त कोण करणार?

जेर्लांदो : म्हणजे?

अगाता : आरोपी नंबर एक कोण? मारियामाता. नंबर दोन नगराध्यक्ष. तुम्ही नुसते ड्रायव्हर. करू देत जप्त! बांधून ठेवू देत मातेला वर्षभर धक्क्याला, बघू कोणाची छाती होते ते.

जेर्लांदो : ...नगराध्यक्ष आकांडतांडव करेल. ‘परक्याचा एक पाय किनाऱ्याला लागू देणार नाही’ म्हणून निवडून आलाय तो.

अगाता : मग पाय लागू देऊ नका. उचलून घ्या म्हणावं.

जेर्लांदो : हसवू नका. बिशप बघतायत.

अगाता : सुकाणू कोणाच्या हातात आहे?

जेर्लांदो : माझ्या. आजोबांपासून आमच्याच घराकडे आहे.

अगाता : मग मला काय विचारताय?

जेर्लांदो : ...फोन चालू ठेवा. काय म्हणता, नगराध्यक्षसाहेब? मी? मी कुठे वळवतोय! माताच वळतेय, मी काय करणार? जुनं लाकूड आहे, साहेब, तिची इच्छा झाली की वळतं. बसा तुम्ही. उभं राहू नका, पोट आधी पाण्यात जाईल.

अगाता : थांबा, मदतवाहिनीचा वाजतोय. हॅलो?

अधिकारी : मॅडम! मिरवणूक भरकटली! पार खुल्या समुद्रात निघाली! बिशपची बोट विचारतेय काय करायचं!

अगाता : नियम काय आहे?

अधिकारी : मातेच्या पुढे जायचं नाही.

अगाता : मग मागे जा.

अधिकारी : अहो, पण तिथे ती तुमची बोट आहे! हे बचावकार्य होईल! बचावकार्याला वरून परवानगी लागते!

अगाता : मिरवणुकीला लागते?

अधिकारी : ...नाही.

अगाता : मग मिरवणूकच आहे ही. जरा लांबली. फोन ठेवा, हाबतोमचा येतोय.

हाबतोम : बाई, खूप बोटी येतायत. गाणं वाजतंय. पोलीस आहेत का?

अगाता : थोडे पोलीस, थोडं गाणं. घाबरू नका. कुणाला उठू देऊ नका.

हाबतोम : पुढच्या बोटीवर एक मोठी बाई उभी आहे. निळा झगा. आम्ही हात हलवतो, ती हलवत नाही.

अगाता : ती नाही हलवत कुणालाच. खाली बसवा सगळ्यांना!

हाबतोम : ऐकत नाहीत, बाई. रडतायत, उभे राहतायत, एका बाजूला... मेब्रातू! मेब्रातू पडला! माझा भाऊ आहे, बाई! त्याला पोहता येत नाही!

अगाता : भावजी! ऐकताय ना? एक जण पडला! रिंग टाका, ती फुलांची!

जेर्लांदो : नगराध्यक्ष सोडत नाही! म्हणतो, फोटोवाला तयार नाही!

अगाता : मग त्याच्यासकट टाका!

जेर्लांदो : सोड रे! सोड म्हणतो ना! ...गेली. टाकली. वहिनी, नुसती रिंग टाकली. हा इथेच आहे, दुर्दैवानं.

अगाता : आणि तो? पडलेला? ...भावजी? अहो, बोला की!

जेर्लांदो : धरली. धरली त्यानं! बिशपची बोटपण आली. बिशप स्वतः दोर टाकतायत, ओकत ओकत.

अगाता : हाबतोम? आहात ना?

हाबतोम : आहे, बाई. एक जाड माणूस मेब्रातूचा दोर ओढतोय. खांद्यावरून तिरंगी पट्टा आहे. त्याचे फोटो काढतायत.

अगाता : नगराध्यक्ष तो. हसतोय?

हाबतोम : खूप.

अगाता : हसू दे. दोर सोडला नाही म्हणजे झालं.

हाबतोम : बाई, त्या फुलांवर पट्टी आहे. सोन्याच्या अक्षरांत काहीतरी लिहिलंय. आमच्यासाठी आहे का ते?

अगाता : नाही हो. ते माझ्या नवऱ्यासाठी आहे. पण सोडू नकोस म्हणावं त्याला, वर येईपर्यंत.