ढीग पेटवण्याआधी

विळे माझ्या दुकानातून नेले, म्हणून त्या पक्षी बघणाऱ्या मंडळींनी मलाही सोबत ओढलं, दुसरं काय! रोह्याजवळच्या एका मोठ्या बागेत वणवा शिरू नये म्हणून कुंपणालगतचं वाळलेलं गवत काढायचं होतं. मध्येच कोणीतरी “श्श!” करायचं, सगळे दुर्बिणी लावायचे आणि पानही हलायचं नाही. माझं सारं लक्ष पेणला. तिथलं रामवाडीचं दुकान अकराला उघडायचंय, हे माझं तोवर चारदा सांगून झालं होतं.

शेवटी काल कापलेल्या गवताचा एकच ढीग पेटवायचा उरला. मी काडी ओढली, तोच बागेत काम करणाऱ्या सुगंधाबाई ओरडल्या, “शेठ, थांबा! ढीग हालवल्याबिगर पेटवायचा नाय.”

“अहो बाई, गवतच आहे. त्यात काय असणार?”

“मग घाला की हात.”

हात काय मी घातला नाही. त्यांनीच काठीने गवत बाजूला सारलं, तर तळाशी हातभर लांब घोरपड! थंडीने पार आखडलेली. डोळे माझ्यावर, पण पाय काही उचलत नव्हते. काडी मी कधी विझवली, आठवत नाही.

दुर्बिणीवाले धावत आले. मी हळूच विचारलं, “बाई, ही जाणार कधी?”

“अंगात ऊन मुरलं की जाईल.”

“म्हणजे साधारण किती वेळ?”

सुगंधाबाईंनी तिथेच बसकण मारली. “तिला कुठं दुकान उघडायचंय, शेठ?”