स्वतःचं एक पोट

— नाक मुरडू नका बाबा, सुरुवात तुम्ही केलीत. गेल्या महिन्यात सभागृहात अख्ख्या गावासमोर मी आतड्याचं चित्र काढत होते, तर ‘अगं, जेवणाआधी कसली ही घाण!’ असं ओरडलं कोण? तुम्हीच ना? आणि सगळे हसले. आणि आता? मेंढीच्या रक्तात कोपरापर्यंत हात घालून ढवळताय, गाठी होऊ नयेत म्हणून — गंजलेल्या लोखंडासारखा वास येतोय सगळ्या गॅरेजला — याची घाण नाही वाटत? हंगेरीत जाऊन डॉक्टर झाले ती कशासाठी? या आइसलंडच्या टोकाला परत आले ती कशासाठी? माणसाला आपल्या आत काय चाललंय ते कळावं म्हणून — आणि इथे लोकांना मेंढीची चारही पोटं पाठ, स्वतःचं एक ठाऊक नाही! शी!

सुई द्या इकडे, रक्त-पीठ भरायला या मेंढीच्या पोटाची पिशवी शिवायचीय. हे बघा, हे खरवडतेय ना मी, हे पोटाचं अस्तर. बुळबुळीत, शेवाळासारखं — मलाही मळमळतंय, डॉक्टर झाले म्हणून काय झालं — पण हेच आपल्याला आतून वाचवतं. जठरातलं आम्ल एवढं मांस विरघळवतं, मग जठर स्वतःच का नाही विरघळत? या बुळबुळीमुळे. आणि कुणी गुडघा दुखतो म्हणून दुखण्यावरच्या गोळ्या लिकोरिसच्या गोड वड्यांसारख्या दिवसभर खात बसलं, की झिजतं हे. मग कच्च्या जखमेवर आम्ल. कुणाचा गुडघा? मी नाव घेतलं का कुणाचं?

हसा. मी बोलणारच नव्हते, आईला शब्द दिला होता — पण सकाळी तुमच्यामागून संडासात गेले. पाणी तरी नीट ओढायचं! डांबर होतं बाबा ते. काळं, चिकट, आणि तो वास... शवागारात उभी राहिलेय मी, तिथे कधी ओकारी आली नाही. आई म्हणते बरेच दिवस असंच चाललंय, आणि तिला तुम्ही काय सांगितलंत? स्लाऊतुर खाल्लं की असं होतंच, लेकीनंच सभागृहात सांगितलं. म्हणजे ऐकत होतात तर! हो, सांगितलं मी. मेंढीच्या पोटात रक्त-पीठ भरून उकडलेलं स्लाऊतुर खाल्लं की शौचाचा रंग काळपट येतो. तुम्ही तेवढंच उचललंत. पण कुठलं —

थांबा. कुठलं स्लाऊतुर? काल फ्रीजर मी धुतला, आजचं भरायला. कोरडा ठणठणीत होता. गेल्या वर्षीचं ईस्टरलाच संपलं. यंदाचं आपण अजून शिवतोय. हे रक्त आज सकाळी आलंय, बाबा. मग संडासातलं ते काळं रक्त कुणाचं होतं?

ढवळायचं का थांबलात? इकडे बघा, उजेडात. पापणी खाली ओढते — आतून पांढरी. नुसती पांढरी. जिन्यात मध्येच थांबता ते... मला वाटायचं, माझ्यासाठी थांबता.

नाही, राहू दे ती बादली. गोठलं तर गोठू दे, ओतून देऊ. हात नका धुऊ, वेळ नाही, तसेच चला. आई! गाडीची चावी! — नाही बाबा, आता तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. उठा.