गजाननची जीप आणि सासरे

जीपचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. दारव्ह्याचा माझा मित्र गजानन एकाच जीपनं रोज गावोगाव फिरायचा आणि मोकळ्या रानात शर्यतीही खेळायचा. सुटतानाच गाडी मागं पडते म्हणून त्यानं मागच्या ॲक्सलचे गिअर बदलायचं ठरवलं. मेकॅनिक रफिकभाई म्हणाले, “सुटताना जोर भेटन, पण रोडवर पन्नासच्या वर इंजिन बोंबलन. नीट इचार कर.”

“रोडवर मले कोणाले हरवाचं हाय?” गजानन म्हणाला.

पुढची शर्यत त्यानं जिंकली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. इंजिन किंचाळत होतं, पण गाडी काही पळेना. वाटेत एसटीनं मागं टाकलं. बोरी अरबच्या थांब्यावर तीच एसटी उभी दिसली, तसे सासरे म्हणाले, “थांबवा जावईबापू, माहा नंबर जाईन.” उतरले आणि तिच्यात जाऊन बसले.

गजानन दवाखान्यात पोहोचला तेव्हा तपासणी आटोपून सासरे बाहेर बाकावर बसले होते.

“चला मामाजी, घरी सोडतो,” तो ओशाळून म्हणाला.

“मी एसटीनंच येतो,” सासरे शांतपणे म्हणाले. “तुमी आत्ताच निघा, म्हंजे संध्याकाळी सोबतच जेवू.”