हजेरीपटातली सिमरन

आजच्या सभेचे अध्यक्ष सरपंच सूर्यभानतात्या, व्यासपीठावरचे केंद्रप्रमुख साहेब, माझे सहकारी शिक्षक, समोर बसलेल्या माता-भगिनी, ग्रामस्थ आणि इतकी वर्षं मला सहन केलेले विद्यार्थी मित्र, सर्वांना माझा नमस्कार.

सत्काराला उत्तर द्यायला उभा आहे. तात्यांनी आत्ताच सांगितलं की गुरुजींच्या वर्गाची हजेरी सलग तीन वर्षं शंभर टक्के होती. टाळ्याही पडल्या. आज सेवेतून मोकळा होतो आहे, तर हेही सांगून मोकळा होतो. ती हजेरी खोटी होती.

तुम्ही म्हणाल, निरोपाच्या दिवशी हे कशाला? कारण सिमरन तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्यासमोर ती टाळी मला घेववत नाही.

सिमरन ही आपल्या रज्जाकभाईंची मुलगी. काष्टीच्या बाजाराला टेम्पोतून शेळ्या नेणारे रज्जाकभाई तुमच्या ओळखीचेच आहेत. दुसरीत असल्यापासून पोरीला ताप यायचा, पोट दुखायचं आणि दोन-तीन दिवसांत सगळं आपोआप जायचं. कुणी टायफॉइड म्हणालं, कुणी नजर. मी काय केलं? आजारी लेकराचा खाडा कशाला मांडायचा, म्हणून हजर लिहिलं. दया होती, नाही म्हणत नाही. पण दयेच्या आडून शंभर टक्क्यांचा लोभही होता.

ती चौथीत असताना नगरच्या डॉक्टर स्नेहलताईंनी विचारलं, ताप नेमका कोणत्या तारखांना येतो? आपल्या घरात तारखा कोण लिहून ठेवतं! रज्जाकभाई माझ्याकडे आले. "गुरुजी, मला काय ध्यानात न्हाई. तुमच्या हजेरीत पोरीचे खाडे असतीलच की." मोबाईलवर पानांचे फोटो काढले आणि विश्वासानं गेले. मी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांना एकही खाडा सापडला नाही. आई-बाप वाढवून सांगतात असं त्यांना वाटलं, यात त्यांचा काय दोष? त्यानंतर आठ महिने मी मूग गिळून बसलो. सिमरनच्या पायांवर सूज आली.

तेव्हा शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बनुबाईंनी मला धरलं. "दर तीन आठवड्याला पोरीची ताटली तीन दिस तशीच पडती. मला दिसतंय, तुमाला कसं दिसंना?" दुसऱ्याच दिवशी बनुबाईंना घेऊन मी नगरला गेलो आणि डॉक्टरांपुढे खरं बोललो.

तपासण्या झाल्या, तेव्हा कळलं. आपल्या सगळ्यांच्या शरीरात एमईएफव्ही नावाचं एक जनुक असतं, ते पायरिन नावाचं प्रथिन घडवतं. जंतू शिरले की हे प्रथिन पांढऱ्या पेशींना उठवतं, दाह पेटतो, ताप चढतो, काम झालं की विझतो. सिमरनच्या जनुकात बिघाड होता. चोर नसतानाही राखणदार बोंब मारत होता. त्या दर खेपेच्या दाहापायी मूत्रपिंडात नको ते प्रथिन साचत गेलं, पायांवरची सूज त्याचीच. हे थांबवणारी कोल्चिसिनची साधी गोळी तेव्हाही दुकानात मिळत होती.

आता ती गोळी रोज चालू आहे आणि ताप येत नाही. मूत्रपिंडाबद्दल डॉक्टर म्हणाल्या, "गेलं ते परत येईल असं मी सांगत नाही. उरलं ते राखू." रज्जाकभाईंच्या घरी जाऊन खोट्या हजेरीसकट हे सगळं मी सांगितलं, तेव्हा सिमरनच्या आईनं, जहिराभाभींनी, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि आत निघून गेल्या. तांब्या तसाच ठेवून मी उठलो.

उद्या हा वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना एवढंच सांगेन, लेकरू आलं नसेल तर आलं नाही असंच लिहा.

बनुबाईंचे, ग्रामस्थांचे आणि पोरीला पुन्हा माझ्याच वर्गात पाठवणाऱ्या रज्जाकभाईंचे मनापासून आभार. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द कमी-जास्त झाला असेल, तर तेवढं पोटात घाला. सिमरन बाळ, तुझी माफी मात्र मी आज मागत नाही. गुरुजींना नाही म्हणायचं तुझं वय नाही. तू मोठी हो, आणि मग तुझं तू ठरव.