सासूची तपासनी

— नाई नाई, तुमी बोलू नोका, बाई. गाल पाहा कसा टम्म फुगला. दाढ हाये ना? मंग नुसती मुंडी हालवा, बोलाचं काम मी करते. तर काय सांगत होती — हां, आत गेली ना, ती माही सून, साक्षी. सातवा लागला तिले. तपासाले आनली आलापल्लीले. सारे म्हनतात, सासू असावी त अशी. पन खरं सांगू? — इकडं सरका जराशा, हळूच सांगते — सुनेची तपासनी त बहाना हाये. मी माहीच तपासनी कराले आली. मले वाटते, मले दिवस गेले.

हासू नोका! दाढ दुखन. आता सांगा, चाळिशी उलटली माही, पोरगा अश्वजित कमावता झाला, त्याची बायको पोटुशी — आन मी बी? काका पाळन्यात अन् पुतन्या त्याच्याहून मोठा! पुतन्या काकाले 'अबे' म्हनन! आन माहं बाळंतपन कोन करन — सून का तिची माय? गावच्या आशाताईले गुपचूप विचारलं असतं, पन ती साक्षीची सख्खी मावशी. म्हनून आज सुनेले डॉक्टरपाशी बसवलं, आन तिकडं सिस्टरपाशी चूपचाप माही लघवी देऊन आली.

तुमी म्हनान, दिवस जाऊ नाई म्हनून औषध नोतं का घेतलं? घेतो ना! ऑपरेशनचं भेव — मले बी, नानाजीले बी, नानाजी म्हंजे आमचा बुढा, अश्वजितचा बाप — म्हनून तीन महिन्याची सुई घेते मी, इथीच. इतके वर्सं काई भानगड नाई. पन औंदा सुईले उशीर झाला. काऊन झाला? मोहफुलं! मोहाच्या दिवसात कोनाले फुरसत राह्यते? पाहाटंच आमी जंगलात, झाडाखाली टोपले घेऊन — दोघंच, सून-पोरगा घरी — आन तो गारवा, आन मोहाचा तो वास, आन बुढा गानं म्हनते — आता फुलं पडेपर्यंत मानसानं काय कराव? वाट पाहाव. वाट पाहाता पाहाता — जाऊ द्या. टोपलं उशिरा भरे, इतकंच सांगते.

मंग पाळी बंद. तशी सुईनं कधी येते कधी नाई येत, पन औंदा पार बंद. आन पोट वाढलं. आन उलटी झाली! साक्षीसाठी चिंच आनली, तिनं बोट चाटलं, उरलेली मी खाल्ली. तिच्यासाठी शेंगदान्याचे लाडू केले, ती नोको म्हने — मंग वाया जाऊ द्याचे का? ती जांभई दे त मले झोप ये. तिची कंबर दुखे त माही दुखे. म्हने, "आई, तुमी माह्यापेक्षा जास्त थकून राह्यल्या." मी म्हनली, ऊन हाये व.

नानाजीले सांगतलं. बकरी बांधून राह्यला होता. दोर हातातच राह्यला, बकरी गेली शेजाऱ्याच्या वांग्यात, ह्याले पत्ता नाई. भिंतीले टेकून बसला. म्हने, "कमला, लोक हासतीन." म्हनलं, हासतीन. म्हने, "अश्वजित काय म्हनन?" म्हनलं, तुमीच सांगा त्याले. तवा खरा घाबरला. मंग बकरी हाकलून आनली आन म्हने — "येत असन त येऊ दे. पोरगी असन त तुह्यावानी बोलकी होईन." बाई, आख्ख्या संसारात हा मानूस कधी असा बोलला नाई. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा तोच करते. इतका पातळ का कपाचं बूड दिसते, पन हातात आनून देते ना! सुनेसमोर! साक्षी पाहातच राह्यते —

कोन? कमला? मीच व सिस्टर! आली, आली.

…जागा धरून ठेवली, बरं केलं, बाई. निगेटिव. काईच नाई. दोनदा पाह्यलं, मीच लावलं पाहाले. सिस्टर म्हने, या सुईनं पाळी बंद होतेच बहुत जनींची, पैल्याच दिवशी सांगतलं होतं. थोडा उशीर झाला त चालते, म्हने, पन सवय नोका लावू. मी म्हनली, मंग पोट? म्हने, "खाल्लं काय काय, कमलाबाई?" लाडवाचं काई बोलली नाई मी.

सुटली, बाई! हासू का नाचू असं झालं. — नाई, डोयात कचरा गेला. खरंच कचरा. या वयात कायले पायजे पोर? जागरनं, लंगोट — नाईच पायजे. नातू येतेच हाये. फक्त… पोरगी म्हनलं ना त्यानं. नाव बी आलं होतं मनात. कोनाले सांगनार नाई ते. आता नानाजीले सांगा लागन. आज सांगू? मुंडी आडवी का उभी? आडवी ना? मले बी तसंच वाटते. आठ-पंधरा दिवसानं सांगन. आताशीच कुठी चहात पत्ती टाकाले शिकला तो.

— अव साक्षी! झालं? काय म्हने डॉक्टर? बाळ चांगलं हाये? बेस, बेस. मंग हासून कायले राह्यली तू?… ह्या बाई? मी नाई ओळखत… खिडकी? कोनती खिडकी?… हे, माह्या डोक्यामागची, डॉक्टरच्या खोलीची? उघडीच होती?… म्हंजे डॉक्टरनं बी?… कुठून ऐकलं? मोहापासून?

चाल. उचल पिशवी, बस जाईन. एक शब्द बोलू नोको.