सून आधी गेली तर

व्हेरा : एकशे चौदा, एकशे चौदा, एकशे चौदा. मोजे धरून बत्तीस झाले, गेझा. अजून किती?

गेझा : हा ढीग. आणि दोन परकर दोरीवर वाळतायत. आईच्या वृद्धाश्रमाच्या पत्रात लिहिलंय, रुमालापर्यंत सगळ्यावर नंबर शिवलेला पाहिजे. नाहीतर धुण्यात हरवलं तर ते जबाबदार नाहीत.

व्हेरा : मला सांगतोस? आमच्या ग्राझच्या वृद्धाश्रमात मीच घरच्या लोकांवर ओरडत असते, नंबर घाला म्हणून. आपल्याच आईच्या परकरांवर घालायची वेळ येईल असं नव्हतं वाटलं. नुसता बघत काय बसलायस, सुई तरी ओव.

गेझा : मला भोक दिसत नाही. इर्मा सात-आठ सुया एकदम ओवून ठेवायची. पडद्याला खोचलेल्या असायच्या. मग एकदा माझ्या मानेला टोचली एक.

व्हेरा : तुझ्या मानेचं काय काम होतं पडद्यात?

गेझा : आठवत नाही. ती हसली होती एवढं आठवतं.

व्हेरा : हा निळा स्वेटर घेऊ?

गेझा : तो नको. आईचा नाही तो.

व्हेरा : आईच्याच ढिगात होता.

गेझा : इर्माचा आहे. आई घालते कधी कधी. बाजूला ठेव.

व्हेरा : ठेवला. चिडतोस कशाला?

गेझा : चिडलो नाही. तो कागद वाचलास?

व्हेरा : वाचला.

गेझा : उद्या दहाला आईला पोचवायचं, तेव्हाच तो द्यायचाय. महिन्याचे चौदाशे वीस युरो. आईची पेन्शन आणि तो मदतीचा भत्ता धरून होतात साडेआठशे. उरले पाचशे सत्तर. खाली दोन रेघा आहेत, पैसे भरणाऱ्याच्या सहीला. एकीवर मी केलीय.

व्हेरा : म्हणजे दुसरी माझी. मला वाटलं शिवायला बोलावलंस.

गेझा : दोन्हीला बोलावलं.

व्हेरा : खोटं तरी बोलला नाहीस. आणि मी सही नाही केली तर?

गेझा : मग कमी पडतील ते नगरपालिका भरणार. घरावर बोजा चढवणार. आई गेली की वसूल करणार.

व्हेरा : चढवू देत. घर तुझं आहे, माझं नाही. माझ्या नावावर काय आहे? एक पिसांची दुलई आणि दोन उशा. त्यातली एक उशी तर फुटलेली होती.

गेझा : अठ्ठावीस वर्षं झाली त्याला, व्हेरा.

व्हेरा : मी मोजलीत. सोबोटा शहरात नोटरीच्या ऑफिसात मी तुमच्या मागे उभी होते, कारण खुर्च्या तीनच होत्या. घर, भोपळ्याचं शेत, जंगलाचा तुकडा, सगळं तुला. बदल्यात आईला मरेपर्यंत सांभाळायचं. तो करार मला पाठ आहे. रोज एक लिटर दूध...

गेझा : हिवाळ्याला चार घनमीटर लाकूड.

व्हेरा : फोडलेलं.

गेझा : फोडलेलं. आईनं नोटरीला थांबवून तो शब्द घालायला लावला. डुक्कर कापलं की एक मांडी. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला न्यायचं, पाऊस असेल तर गाडीनं. आजारपणात सेवा. मेल्यावर घंटा आणि तीन मिस्सा.

व्हेरा : मग? आजारपणात सेवा. लिहिलंय ना? तुझी सही आहे. मी का भरू?

गेझा : सही इर्माचीही आहे. घर माझ्या नावावर झालं. दूध, लाकूड, आंघोळ तिच्या नावावर झाली. मला तेव्हा काही वाटलं नाही. नोटरीनं विचारलं होतं, आठवतं? वर बघून म्हणाला, सून आधी गेली तर? ते लिहायचं का?

व्हेरा : आठवतं.

गेझा : आई हसली. इर्मा हसली. चौतीस वर्षांची होती. मी पण हसलो.

व्हेरा : मी पण हसले, गेझा.

गेझा : त्यानं पान उलटलं.

व्हेरा : कात्री दे.

गेझा : शेवटची अकरा वर्षं आईचं सगळं तिनं केलं. मला वाटायचं घर आपोआप चालतं. ईस्टरला ती गेली, त्यानंतर सहा महिने मी केलं. दोनदा गॅस चालू राहिला. आईला टबातून उचलताना मला हर्निया झाला, हा पट्टा बघ. डॉक्टर म्हणाला, आता किटलीसुद्धा उचलू नका. एकदा आई टबातच बसून राहिली. मी बाहेर काढू शकत नव्हतो. शेजारच्या कोलोमानला हाक मारली. तो आला. आईनं टॉवेलनं तोंड झाकून घेतलं. अंग नाही झाकलं, तोंड झाकलं.

व्हेरा : मला फोन करायचास.

गेझा : तू कामावर असतेस.

व्हेरा : हो. रोज आठ जणींना आंघोळ घालते. वीस मिनिटांत एक. घरी येते तेव्हा हात सुरकुतलेले असतात.

गेझा : तुला पगार मिळतो.

व्हेरा : मिळतो. त्यातून भाडं जातं. मला घर कुणी लिहून दिलं नाही.

गेझा : हे बघ, माझी पेन्शन सातशे. पाचशे सत्तर दिले तर उरतात एकशे तीस. त्यात लाकूड घेऊ का जेवू?

व्हेरा : शेत विक.

गेझा : या वर्षीचं बी तिनंच निवडून ठेवलं होतं. डब्यावर लिहून. जमेल तेव्हा विकेन. एवढा भोपळा निघू दे. तोवर अर्धे दे. दोनशे पंच्याऐंशी.

व्हेरा : अर्धं घर दे, अर्धे देते.

गेझा : घे. खरंच घे. वरची खोली गळते, ती तू घे.

व्हेरा : चेष्टा करू नकोस.

गेझा : चेष्टा करायचं त्राण नाही माझ्यात, व्हेरा.

(दार उघडून आई आत येते. वय अठ्ठ्याऐंशी. चर्चला जायचा काळा कोट, डोक्याला रुमाल, हातात पर्स. गेझा उठतो, आणि पोटावर हात ठेवून पुन्हा बसतो.)

आई : गेझा, गाडी काढ. मिस्सा चुकेल.

गेझा : आज गुरुवार आहे, आई.

आई : करारात आहे.

गेझा : करारात रविवार आहे.

आई : बरं. ही कोण?

गेझा : आई, ही आपली...

व्हेरा : शिवायला आलेय मी.

आई : टाके जवळ घाल. लांब टाके दोन धुण्यांत निघतात.

व्हेरा : हो.

आई : ती कुठं गेली? बरेच दिवस दिसली नाही.

गेझा : कोण?

आई : ती बाई. पाय धुणारी.

गेझा : शेतात आहे. भोपळ्याच्या बिया काढतेय.

आई : पाणी कोमट घेते. आधी आपलं कोपर बुडवून बघते. आणि बोटांच्या मधलंसुद्धा पुसते, एकेक. हल्ली असं कोण करतं? तिचे पैसे थकवले नाहीत ना तुम्ही?

गेझा : नाही, आई.

आई : तुझ्याकडे कुठले म्हणा पैसे. माझी व्हेरा देते तिला. ग्राझहून. दर महिन्याला.

व्हेरा : तुम्हाला कुणी सांगितलं?

आई : सांगायला कशाला पाहिजे? एवढं सगळं कुणी फुकट करतं का? तू करशील?

व्हेरा : नाही.

आई : मग? गेझाकडे नाहीत. माझ्याकडे नाहीत. राहिलं कोण? व्हेराच. घरातून तिला मी दोन उशा देऊन काढली. त्यातली एक फुटकी होती, मला माहीत होतं. तरी पाठवते पोरगी.

गेझा : आई, चल. आत बसू. कोट काढू.

आई : कोट राहू दे. मला गार वाटतंय. माझं ते निळं कुठंय?

गेझा : बघतो. तू चल आधी. भिंतीला धर. हां, तसं.

व्हेरा : मी धरू का?

गेझा : नको, तू बस. तुला बघून परत विचारेल. चल, आई. हळू.

आई : त्या बाईला कॉफी दे. शिवून शिवून थकली असेल.

गेझा : देतो. बस इथं. येतोच मी.

व्हेरा : (गेझा परत आल्यावर) बसली?

गेझा : बसली. मांडीवर पर्स घेऊन बसलीय. गाडीची वाट बघतेय.

व्हेरा : असं रोज म्हणते? मी पैसे देते म्हणून?

गेझा : अधूनमधून. इर्मा होती तेव्हाही म्हणायची.

व्हेरा : इर्मासमोर?

गेझा : पाय धुताना.

व्हेरा : मग इर्मा काय म्हणायची?

गेझा : म्हणायची, हो, व्हेराचे पैसे वेळेवर येतात.

(व्हेरा दातानं दोरा तोडते.)

गेझा : तुला लागावं म्हणून नाही सांगितलं. तू विचारलंस.

व्हेरा : मला कधी बोलली नाही. दर नाताळला फोनवर असायची. केक कसा झाला, थंडी किती पडली. एवढंच.

गेझा : मलाही फार काही बोलली नाही ती.

व्हेरा : ही सुई ओव रे. आता मलाही दिसेना.

गेझा : मला कुठली दिसायला.

व्हेरा : मग पेन दे.

गेझा : घाई नको. उद्या सकाळी कर, तिथं जाऊन.

व्हेरा : दे म्हटलं ना. कुठल्या रेघेवर?

गेझा : खालच्या. आकडा इथं लिही.

व्हेरा : दोनशे पंच्याऐंशी. महिना सरता सरता मी रडेन, शिव्या घालेन, ते ऐकून घ्यायचं.

गेझा : घेईन.

व्हेरा : आणि वरची गळकी खोली मला नको.

गेझा : बरं.

व्हेरा : कॉफी ठेव. आई म्हणाली ना, त्या बाईला दे म्हणून.

गेझा : ठेवतो. किटली अर्धीच भरतो. किती राहिले?

व्हेरा : ही बनियन. मग दोरीवरचे दोन परकर. मग संपलं.

गेझा : आणि तो निळा.

व्हेरा : इर्माचा?

गेझा : हं. त्याच्यावरही नंबर घाल. टाके जवळ घाल.