बिनपंख्याचं कार्ड

(जळगाव. नव्वदच्या दशकाचा शेवट, मे महिन्यातली दुपार. भिकमचंद शेठचं कॉम्प्युटरचं दुकान. नुकतीच बी.एस्सी. झालेली संघमित्रा इथं दुरुस्तीला बसते. झुलाल हा गिऱ्हाईक.)

झुलाल : पंखा असलेलं नकोच, ताई. कितीही भारी असू द्या.

संघमित्रा : भारी दाखवतच नाही तुम्हाला. पण पंखा नको म्हटलं की ग्राफिक्स कार्डात निवड फार थोडी उरते. गेम कोणते खेळता?

झुलाल : गाड्यांच्या शर्यतीचा एक, अन् क्रिकेटचा. जिनिंगमधून आलो की घटकाभर. दिवसभर कापसाच्या गाठींचे आकडे लिहून डोकं उठतं.

भिकमचंद : एवढंच ना? मग ते आठ एमबीवालं दे बेटा. वर नुसता काळा ठोकळा, पंखा नाही. परवडेल पण त्याला. जळून गेलं तरी आवाज करणार नाही.

संघमित्रा : शेठजी, बसेल का ते तर बघू द्या. झुलालभाऊ, बोर्डावर पांढऱ्या खाचांच्या बाजूला एक आखूड, तपकिरी खाच आहे?

झुलाल : आहे. जुनं कार्ड तिच्यातच आहे. रोज दिसते ना, झाकण उघडंच असतं.

संघमित्रा : उघडं का?

झुलाल : तापतं. खेळता खेळता चित्र अडकून बसतं. तुमच्या जळगावच्या उन्हात माणूस अडकतो, मशीनचं काय? आमच्या धुळ्याकडं तरी रात्री वारा सुटतो. म्हणून झाकण काढलं, अन् टेबल कूलरच्या शेजारी सरकवलं.

भिकमचंद : हुशार आहे हा. मशीनला पण कूलरची हवा.

संघमित्रा : ओली हवा असते ती, शेठजी. कॅबिनेट उभं आहे की आडवं?

झुलाल : आडवं. जुन्या पद्धतीचं, पेटीसारखं.

संघमित्रा : बिनपंख्याचं कार्ड याहून जास्त तापेल, हे आधीच सांगते. ठोकळा आपली उष्णता हवेला देतो, आणि इथं हवाच शेहेचाळीस डिग्रीची. आवाज सहन करता येत असेल तर मी पंखेवालंच सुचवेन. घरात कोणाला त्रास होतो एवढा?

झुलाल : माझ्या मायला.

भिकमचंद : झोप लागत नसेल. आमच्या घरी धनकुंवर पण तेच म्हणते. तिला माझं घोरणं चालतं, कॉम्प्युटर नाही चालत.

झुलाल : झोपेचं नाही, शेठ. मायचे डोळे गेले साखरेनं. तिचं बठ्ठं, म्हणजे सगळंच, कानावर चालतं. दूध उतू चाललं, दारात कोण आलं, नळ आला, बठ्ठं तिला आमच्या आधी कळतं. या कार्डाचा पंखा खराब झाल्यापासून घुं घुं करतो. भिंतीपलीकडं मंजुळाबाईला ऐकू जातं, ती रोज भांडते. अन् माय विचारते, ‘दोन कूलर शेतस का रे घरमा?’

संघमित्रा : म्हणजे त्यांना तो आवाज कूलरचा वाटतो.

झुलाल : व्हय. तेवढ्यासाठीच तर आलो. मागल्या आठवड्यात मी अंघोळीहून आलो, तर माय टेबलापाशी कळशी घेऊन उभी. म्हटलं, माय, इथं काय? म्हणे कूलर भरते. असं हसलो आम्ही दोघं.

संघमित्रा : कूलर त्या भरतात?

झुलाल : नळ आला की पहिलं तेच काम. कोणाला हात लावू देत नाही. म्हणते, ‘डोया गयात, हात शेतस ना.’ तिला सोपं जावं म्हणून कूलरचं वरचं झाकण मीच काढून ठेवलं. आवाजाकडं जाते, पत्र्याची कड हाताला लागली की ओतते.

संघमित्रा : कूलर किती उंच आहे?

झुलाल : टेबलावरच्या पेटीएवढाच. का?

संघमित्रा : म्हणजे शेजारी शेजारी पत्र्याच्या दोन पेट्या. दोन्ही वरून उघड्या.

भिकमचंद : अरे, पण कूलरचा आवाज मोठा असतो बेटा. पत्रा खडखडतो. म्हातारीला फरक कळणार.

झुलाल : खडखडायचा, शेठ. माय त्याच्यावर पण कुरकुरायची. तर रविवारी मोटरचा बुश बदलला, तेल दिलं. आता चालू आहे की बंद, मलाच कळत नाही.

संघमित्रा : झुलालभाऊ, कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या येतात का?

झुलाल : थोड्या येतात. मी चप्पल घालूनच बसतो.

संघमित्रा : प्लगची तिसरी, जाडी पिन आहे?

झुलाल : ती कापली. आमच्या घराला दोन भोकांचीच बटणं, जुनं काम. शेठच्याच माणसानं मशीन देताना कापून दिली.

भिकमचंद : सगळ्यांनाच देतो कापून. अर्ध्या जळगावात अर्थिंग कुठं आहे? इतक्या वर्षांत कोणाला काही झालं नाही.

संघमित्रा : आई घरात चप्पल घालतात?

झुलाल : नाही. देव्हारा त्याच खोलीत आहे. घालेल कशी?

संघमित्रा : आत्ता घरी कोण आहे?

झुलाल : मायच. बायको धुळ्याला गेली, भाचीच्या बारशाला. ताई, तुम्ही कार्डाचं सांगा ना. दुपारनंतर नळ यायचाय, त्याच्या आत घरी पोचतो.

संघमित्रा : मशीन बंद करून आलात ना?

झुलाल : चालू आहे.

संघमित्रा : कशाला?

झुलाल : तुम्हीच म्हणाल्या काल फोनवर. गेम लावून चालू ठेवा, किती वेळानं अडकतं ते बघा, म्हणजे तापण्यामुळं अडकतं की कार्डच गेलंय ते समजेल.

संघमित्रा : हो. मीच म्हणाले.

भिकमचंद : तिला काय माहीत, घरी म्हातारी आहे.

संघमित्रा : मी विचारलंच नाही. शेठजी, फोन इकडे द्या. झुलालभाऊ, घरी फोन आहे?

झुलाल : नाही. मंजुळाबाईकडं आहे. पण तुम्ही उगीच घाबरवता. मी मायला सांगून आलोय, आज कूलर भरू नको, मी आल्यावर भरतो.

संघमित्रा : त्या काय म्हणाल्या?

झुलाल : नुसती हसली.

संघमित्रा : नंबर सांगा.

झुलाल : शेठकडं आहे ना, त्यावरच तुमचे फोन येतात.

भिकमचंद : मी लावतो. मला पाठ आहे.

झुलाल : ताई, पाणी पडलं तर मशीन जाईल, एवढंच ना? जाऊ द्या मशीन.

संघमित्रा : पिन असती तर करंट जमिनीत गेला असता. आता तो पत्र्यातच थांबणार. मीटर घराच्या बाहेर आहे का?

झुलाल : ओट्यावर आहे. फ्यूज तिथंच आहेत.

संघमित्रा : शेठजी, मंजुळाबाईंना सांगा, आधी ओट्यावरचे फ्यूज काढा. आत गेलात तरी आईंना हात लावायचा नाही. फ्यूज काढल्याशिवाय नाही.

झुलाल : हात लावायचा नाही म्हणजे?

संघमित्रा : तुम्ही निघा, झुलालभाऊ. गाडी बाहेर आहे ना?

भिकमचंद : थांबा, लागला. हॅलो, मंजुळाबाई? भिकमचंद बोलतो, कॉम्प्युटरवाला. ऐका, झुलालच्या ओट्यावरचे फ्यूज काढा आधी, मग आईंना हाक मारा. हो, लगेच. काय? बरं. बरं.

झुलाल : काय म्हणते?

भिकमचंद : म्हणते, आज नळ लवकर आला, बराच वेळ झाला. तिचं पाणी भरून झालं.

संघमित्रा : भिंतीतून आवाज येतोय का, विचारा. तो घुं घुं.

भिकमचंद : मंजुळाबाई, तो रोजचा आवाज येतोय का? हां. लाइट गेली का तुमच्याकडं?

झुलाल : शेठ, काय म्हणते?

भिकमचंद : लाइट आहे. तिचा पंखा चालू आहे. म्हणते, मघाशी आवाज थांबला, तेव्हापासून शेजारी अगदी शांत आहे.